खालच्या मजल्यावरच्या डॉक्टर

कॅनडात, कोक्विटलामला आमच्या कॉन्डोच्या इमारतीत, खालच्या मजल्यावर पश्चिम आफ्रिकेतल्या एक डॉक्टरबाई राहत. नव्वदी ओलांडलेल्या. त्यांची मुलगी कामावर गेली की सोबतीला मी जाऊन बसायची. मीही नागपूरची डॉक्टर, आता निवृत्त आणि रिकामटेकडी. आम्ही एकमेकींना ‘डॉक्टर’ म्हणूनच हाक मारायचो. इथे जो तो पहिल्या नावाने बोलावतो. आम्हा दोघींना ते कधी पचलं नाही.

इंग्रजांच्या राज्यात त्यांच्या जिल्ह्यातून डॉक्टर झालेल्या त्या पहिल्याच बाई. विलायतेत शिकून परतल्या, तर इस्पितळातल्या साहेबाने त्यांना नर्सांच्या खोलीत बसवलं. गोऱ्यांचं इस्पितळ वेगळं, तिथे पाऊल टाकायची बंदी. एकदा साहेब दौऱ्यावर असताना त्याच्याच बायकोचं बाळंतपण अडलं. नाइलाजाने यांना बोलावलं, पण ती गोरी बाई हात लावू देईना.

“ती ओरडत होती आणि मी हात धुऊन दारात उभी,” त्या सांगायच्या. “बाळ गेलं. मी वाचवलं असतं, डॉक्टर!” साठ-सत्तर वर्षांनंतरही हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. माझंही डोकं फिरायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यांना विसर पडू लागला. आधी गावाचं नाव गेलं, मग मुलीचं. मला एकच धास्ती होती: आपण डॉक्टर आहोत, एवढं तरी त्यांच्यापाशी राहावं. म्हणून मी रोज खोटंच खोकायची आणि मनगट पुढे करायची. त्या नाडी बघायच्या, जीभ काढायला लावायच्या, वर दम भरायच्या, “चहा कमी करा!” मी मान डोलवायची आणि घरी जाऊन चहाच टाकायची.

परवा त्यांना सणकून ताप भरला. मुलीने ॲम्ब्युलन्स बोलावली. तोवर नाडी तरी बघावी म्हणून मी मनगट धरलं, तर त्यांनी हात हिसडला. माझ्या सावळ्या बोटांकडे बघत म्हणाल्या, “तू नको. गोरा डॉक्टर नाही का कुणी?”

मला रडूच कोसळलं. जन्मभर मनातल्या मनात जिच्याशी भांडल्या, ती साहेबाची बायकोच तेवढी डोक्यात उरावी? बाकी सगळं कुठे गेलं?

तेवढ्यात पॅरामेडिक आला. गोरा. त्याने मनगट धरलं, तशा त्या निवांत झाल्या. त्याच्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, “थँक यू, डॉक्टर.”