भाजीचं पाणी
बोगादीच्या वळणावर शहाळ्यांवर कोयता चालू असला की त्याचा ओला, गोडसर वास येतो आणि मी रस्त्याची बाजू बदलतो. वडिलांचं डायलिसिस चालू होतं तेव्हाची गोष्ट. रक्तात पोटॅशियम साठू नये म्हणून आई प्रत्येक भाजी दोनदा उकळून पाणी ओतून द्यायची. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पोटॅशियम पेशीपटलातून आतबाहेर कसं जातं, रक्तात वाढलं तर हृदय कसं बंद पडतं, हे फळ्यावर काढून दाखवतो. डायलिसिसच्या आदल्या दिवशी दुपारी वडिलांना दाढीला नेलं होतं. परतताना ते त्या वळणावरच्या शहाळ्यांच्या गाडीपाशी थांबले. "एक एळनीर घेऊ की रे." "नको बाबा, त्यात पोटॅशियम असतं." "अय्यो मास्तर, वर्ग सुटला की आता!" मला हसू आलं. नाही म्हणून म्हणून मीही थकलो होतो. ते दोन शहाळी प्यायले, मलईसुद्धा खाल्ली. संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, पोटॅशियम फार वाढलं होतं, वाचवता आलं नाही. आई भिंतीला टेकून म्हणाली, "आज घाईत भाजी एकदाच उकळली रे. मीच मारलं त्यांना." मी तिला बाकावर बसवून पाणी आणायला गेलो. आता घरात पथ्य कुणालाच नाही, तरी ती भाजी दोनदा उकळते. परवा तिला शहाळ्यांचं सगळं सांगून टाकलं. "माझ्यासाठी खोटं बोलू नकोस रे," ती म्हणाली आणि भाजीचं पाणी ओतायला उठली.