राणीची निवड

मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी आमच्या प्राणी-निवाऱ्यातली, मुलांच्या गोंगाटात न बिथरणारी काही कुत्री निवडायची होती. शिबिर घेणाऱ्या सुलभाताई एकेकाला अंगणात घेत, कान-शेपूट हलकेच ओढून पाहत आणि मग त्याच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटत. त्या आवाजाला शेरू गुरगुरला. मोती पळाला तो परत आलाच नाही.

मग राणी आली. गाडीखाली सापडून एक पाय गमावलेली, माझ्या हातचा दूधभात खाऊन सावरलेली. ताट वाजलं तशी तीही दचकून भिंतीशी गेली.

"राहू दे गं, घाबरते ती," ताई म्हणाल्या.

"जरा थांबा ना," मी म्हटलं.

राणी लंगडत परत आली, तिनं ताट हुंगलं आणि शेपूट हलवत ती ताईंच्या पायाशी बसली.

भीती कुणाला वाटत नाही? पण घाबरूनही परत येणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

शिबिरात एक चिमुरडी आईच्या ओढणीआड लपली होती. राणी दूरच पोट टेकून पडून राहिली. बऱ्याच वेळानं ती मुलगी आपणहून पुढे आली.

"हिला हात लावू?"

"लाव की," मी ऐटीत म्हणाले, "आमची राणी आहे ती!"