मडगार्डाची उंची

एकाहत्तराव्या वर्षी अर्डिसने सुट्टीत राहायचा ट्रेलर पिकअपने ओढायला शिकायचं ठरवलं. एकतीस उन्हाळे तिचा नवरा मेल्विनच तो तळ्याकाठी न्यायचा. आता चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. शनिवार दुपारपर्यंत तिला जमलं नाही तर ट्रेलर शेजारच्या लॉर्नला विकायचा, असं नवराबायकोचं ठरलं. मेल्विनने मान डोलावली खरी, पण त्या दिवशी ताटातल्या आवडत्या गोड ‘रूबार्ब पाय’लाही हात लावला नाही. अर्डिस काय समजायचं ते समजली.

धान्याच्या गोदामात ट्रक तोलण्यात तिची हयात गेलेली. ट्रेलर अडकवला की पिकअपचं बूड बसतं, नाक वर जातं, पुढची चाकं हलकी होतात. मग जोडणीच्या दोन लोखंडी दांड्या साखळीने ताणायच्या, की मागचं ओझं थोडं पुढे सरकतं. किती सरकलं ते पुढच्या मडगार्डाची उंची सांगते. मोकळी गाडी अडतीस इंच, ट्रेलर अडकवल्यावर साडेएकोणचाळीस, दांड्या ताणल्यावर पावणेएकोणचाळीस. चढलेलं निम्मं उतरलं, म्हणजे झालं की! पण रस्त्यावर स्टिअरिंग लोण्यातून फिरवल्यासारखं. तीन दिवस हेच.

शनिवारी सकाळी टेप घेऊन वाकली, तर नाकासमोर एक पोट. देखरेख करताना मडगार्डावर रेलायची मेल्विनची जुनी खोड, आणि गडी सव्वाशे किलोचा!

“मेल्विन, बाजूला हो बघू.”

“मी काय केलं? हातसुद्धा लावला नाही!”

“हात नाही रे, पोट! चार पावलं मागे.”

तो कुरकुरत सरकला आणि पिकअपचं नाक वर आलं. सव्वाएकोणचाळीस.

“तीन दिवस मी तुला मोजतेय!” हसून हसून अर्डिसच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मग मला बॉनेटवर बसवूनच ने की.”

तिने साखळी आणखी दोन कड्या ओढली. पावणेएकोणचाळीस, आणि मडगार्डावर रेललेलं कुणी नाही.

दुपारी लॉर्न आला तेव्हा ट्रेलर फाटकाबाहेर पडत होता. मोठ्या रस्त्यावर एक मालट्रक घोंघावत शेजारून गेला. स्टिअरिंग जागचं हललं नाही. अर्डिसला इतका आनंद झाला की ती मोठ्याने ओरडलीच.

वीस किलोमीटरवर मेल्विनच्या सूचना संपल्या. मग तो खिडकीबाहेर बघू लागला.

“अगं, इथं एवढं पाणी कधी झालं? आणि ते पांढरे पक्षी बघ किती!”

“एकतीस वर्षं आहेत तिथेच,” अर्डिस म्हणाली. “तू बघ. मी रस्ता बघते.”