न दिलेल्या घड्याळाचे आभार

माझ्या हातून झालेल्या चुकांपैकी बहुतेक मी सोयीस्करपणे विसरलो आहे. एका पोस्टकार्डाची मात्र विसरता आलेली नाही.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवत असे. नुकताच बी.एड. होऊन आलो होतो, त्यामुळे आपल्याला सर्व कळते याविषयी मनात शंका नव्हती. पत्रलेखनात त्या काळी एक विषय अढळ होता: वाढदिवसाला हातघड्याळ पाठवल्याबद्दल काकांचे किंवा मामांचे आभार. माझ्या वर्गातील पुष्कळ मुलांच्या घरी माग चालत. वाढदिवस ही गोष्टच त्यांना पुस्तकातून कळलेली होती. तरीही दरवर्षी घड्याळ येई आणि आभार मानले जात.

पत्र वहीत राहू नये, टपालात पडावे, असे मला वाटले. मी प्रत्येकाला पोस्टकार्ड आणायला लावले. मुख्याध्यापकांनी सभेत या उपक्रमाचे कौतुक केले आणि ते मी नम्रतेचा आव आणून ऐकले.

वर्गात वळसंगला आजोळ असलेली एक अबोल मुलगी होती. तिने वहीतल्या कच्च्या पत्रात लिहिले होते की मामा, तुम्ही मला हुरडा खायला शेतावर नेले, आगटी फुंकताना तुमची मिशी जळाली, मी हसले, तरी तुम्ही रागावला नाहीत, म्हणून आभार. इंग्रजी मोडके होते, पण वाचताना मला हसू आले. ते आवरून मी लाल शाईने सारे खोडले आणि वर घड्याळ लिहिले.

ती हळूच म्हणाली, "सर, पण मामानं घड्याळ दिलं न्हाय की."

मी म्हणालो, "परीक्षेत दिलेलं असतं."

आठ-दहा दिवसांनी शिक्षकांच्या खोलीच्या दारात पटका बांधलेले एक गृहस्थ येऊन उभे राहिले. त्यांची उजवी मिशी डावीपेक्षा आखूड होती, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

त्यांनी न चिडता सारे सांगितले. गावच्या पोस्टमनने ते कार्ड पारावर उभे राहून वाचले होते, मग मराठीत सांगितले होते, आणि कोणी वंचित राहू नये म्हणून कन्नडमध्येही. संध्याकाळपर्यंत घड्याळाची वार्ता घरी पोचली. मामींनी लग्नापासून भिंतीवरचे एक घड्याळ मागितले होते, ते अजून यायचे होते. त्यांनी बोलणे सोडले. बोलल्या त्या एवढेच, की जिच्या मनगटावर घड्याळ आहे तिने आपला वेळ आपल्याच घरी बघावा. येत्या रविवारी भाचीला हुरड्याला न्यायचे ठरले होते, ते आता मोडल्यात जमा होते.

"मास्तर, माज्याच हातात घड्याळ न्हाय," ते म्हणाले, "तिला कुटनं देऊ?"

चूक माझी आहे, एवढे तीन शब्द तेव्हाच म्हणायला हवे होते. त्याऐवजी मी त्यांना पत्रलेखनात कल्पनाशक्तीचे स्थान काय असते ते समजावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"समदं खरं. पण पोरीला रविवारी कसं न्यायचं, ते सांगा."

मी कागद ओढून सुवाच्य मराठीत खुलासा लिहू लागलो. त्यांनी हात आडवा धरला. "मराठीत नगं. इंग्रजीत बसलंय, इंग्रजीतच उतरवा. वर शिक्का बी पायजे."

शिक्का मुख्याध्यापकांच्या खणात असे. म्हणजे कौतुक झालेल्या उपक्रमाची कथा त्यांना सांगणे आले. मुख्याध्यापक बाहेर गेले आहेत, उद्या या, असे मी सांगून टाकले. त्याच वेळी पलीकडच्या खोलीतून त्यांचा खोकला स्पष्ट ऐकू आला. मामांनी त्या दिशेला पाहिले, मग माझ्याकडे, आणि सभ्यपणे छताकडे.

मुलगी व्हरांड्यात उभी होती. ती खाली बघत म्हणाली, "मामा, चुकी माजीच हाय. मीच लिवलं."

मग मात्र मला बसून राहता आले नाही. तिची वही घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि सारे सांगितले. त्यांनी लाल रेघांच्या खालचा मजकूर लावून लावून वाचला, हसू लागले, चष्मा काढून डोळे पुसले.

"अहो, खोडलेलंच चांगलं होतं की," ते म्हणाले.

मी इंग्रजीत दाखला लिहिला: यांनी भाचीला कोणतेही घड्याळ दिलेले नाही, कधी दिले नव्हते, दोष शिक्षकाचा आहे. त्यांनी जे दिले ते पुढीलप्रमाणे, असे म्हणून मुलीच्या खोडलेल्या ओळी मी मिशीसकट, चुकांसकट उतरवल्या. हुरड्याला इंग्रजी शब्द मला सुचला नाही, म्हणून हुरडा हुरडाच ठेवला. मुख्याध्यापकांनी शिक्का दोनदा मारला.

दाखला त्याच पारावर, त्याच पोस्टमनने, दोन्ही भाषांत वाचला. मिशीशी आल्यावर मामी पदर तोंडाला लावून हसल्या असे कळले. रविवारी मुलगी आजोळी गेली. सोमवारी तिने माझ्या टेबलावर हुरड्याचे छोटे गाठोडे ठेवले आणि निरोप सांगितला: मामानं म्हटलंय, आभाराचं कार्ड टाका, इंग्रजीत.

ते कार्ड मी तीनदा लिहिले. टपालात टाकण्यापूर्वी, का कोण जाणे, तिला वाचायला दिले. माझा आनंद गगनात मावेना अशा अर्थाच्या वाक्यावर तिने बोट ठेवले.

"सर, असं झालं होतं का?"

झाले नव्हते. हुरडा कोवळा होता, काही दाणे करपले होते, आणि मी तो एकट्याने संपवला होता. मी चौथे कार्ड घेतले आणि तेवढेच लिहिले.