दिलीपभाऊंसाठी मोठे जॅक

मंडळी, मी घरी बनवत असलेल्या सिंथेसायझरच्या नव्या मॉड्यूलवर, म्हणजे सुट्या भागावर, वायरी खोचायला छोटे जॅक लावू की मोठे, असं मी इथे विचारलं तेव्हा बहुतेकांनी छोटेच सुचवले. "वाजवणार कोण?" हे फक्त एका ताईंनी विचारलं. ही पोस्ट त्यांचे आभार मानायला.

वाजवणार आहेत कान्हे गावचे दिलीपभाऊ. ते बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे; अर्धांगवायूनंतर बोटांची पकड गेली.

आज चाचणीच्या कच्च्या पॅनेलवर दोन्ही प्रकारचे जॅक बसवून, स्पीकर जोडून त्यांच्याकडे गेलो. वायरीच्या टोकाची छोटी पिन त्यांच्या बोटांतून सारखी निसटत होती. "ऱ्हाऊ दे, आता न्हाई जमायचं," म्हणत त्यांनी हात मागे घेतला. मी मोठी पिन दिली. ती खटकन बसली आणि स्पीकर घुमला. भाऊ ओरडले, "आगं, हितं ये! मी लावली!" वहिनी पिठाच्या हातांनीच धावत आल्या.

मोठ्या जॅकमुळे पॅनेल रुंद होईल. होऊ दे. भाऊंनी तर लगेच दुसरी वायर उचलून विचारलं, "ही कुटं लावू?"