रस्ता विचारणारे अण्णा

अक्कांचा फोन आला तेव्हा मी येलहंक्याच्या घरी पोळ्या करत होते. "अण्णा गेले गं," एवढंच म्हणाल्या. झोपेतच गेले... कुणालाही न विचारता. असा प्रवास त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच केला असेल.

अण्णा म्हणजे याच शहरातल्या बसवनगुडीतले आमचे पहिले घरमालक, आणि अक्का त्यांच्या पत्नी. मूळचे निपाणीकडचे, त्यामुळे घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी मी पुण्याहून इथे आले आणि थोड्याच दिवसांत विटले. दिवसभर घरात एकटी, भाजीसुद्धा बोट दाखवून घ्यायची. शेवटी कायमचं परत जायचं ठरवून बॅग भरली. जिन्यात अण्णा भेटले. "जा की, कोण नको म्हणतंय?" ते म्हणाले, "पण समुद्र तेवढा बघून जा. गाडी काढतो."

अण्णा, अक्का आणि आम्ही दोघं निघालो. अण्णांना एक खोड होती. रस्ता तोंडपाठ असला तरी गाडी थांबवून विचारायचाच. नवऱ्याने नकाशा उघडला तर म्हणाले, "नकाशा कॉफी पाजतो काय रे?" हासन गावात विचारलं, सकलेशपूरला विचारलं, आणि तिथे एका घरी खरोखरच कॉफी मिळाली! पुढे घाटात धुकं लागलं आणि अण्णांचा घसा बसला. म्हणजे त्यांनी गळ्याला हात लावून मान हलवली आणि मला खिडकीकडे खूण केली. घाट उतरल्यावर रिकामी पाटी घेऊन चाललेली एक मासेवाली दिसली. "मंगळूरिगे इदे दारीना?" मंगळूरला हाच रस्ता ना, हे अक्कांनी पढवलेलं वाक्य मी एका दमात म्हणून टाकलं. ती भरभरून बोलली, मला ओ का ठो कळलं नाही, आणि ती सरळ दार उघडून माझ्याशेजारी येऊन बसली! अक्कांच्या नाकावरचा पदर मंगळूरपर्यंत हलला नाही. मासेवाली मात्र मला शिकवत होती, मासा म्हणजे मीनु, पाणी नीरु, समुद्र कडलु. माडांमागे निळी रेघ दिसली आणि "कडलु!" म्हणून सगळ्यांच्या आधी मीच ओरडले.

"सरी! बरोबर!" अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. अक्का पदराआड हसत होत्या.

परतल्यावर अण्णांनी कोपऱ्यावरच्या फुलवालीपाशी गाडी थांबवून चक्क स्वतःच्या घराचा रस्ता विचारला. दरवेळी विचारत म्हणे. तीही गंभीर चेहऱ्याने सांगायची, "सरळ जा, डावीकडे वळा, फणसाच्या झाडाचं घर." त्याच संध्याकाळी मी बॅग रिकामी केली. या शहरात मी राहिले ती अण्णांमुळे, आणि आता ते नाहीत हे अजून पटत नाही.

परवा अक्कांना भेटायला गेले. फुलवाली दिसली तशी मी रिक्षा थांबवली आणि कन्नडमध्ये विचारलं, "अण्णांचं घर कुठे हो?"

मग तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि नेहमीसारखाच हात लांब केला. "सरळ जा," ती म्हणाली, "डावीकडे वळा..."

फणसाच्या झाडापर्यंत काही तिला जाता आलं नाही. ते मीच म्हटलं.