प्रतापचा बेस कॅम्प

आमच्या क्वेकर्स हिल या उपनगरात प्रताप नावाचा एक उत्साही प्राणी राहतो. पुण्याचा, आयटीतला, आणि जन्मजात कोऑर्डिनेटर. गणपती असो की बार्बेक्यू, पुढे पुढे करायला हा हजर. यंदा जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, त्याने स्नोची ट्रिप काढली आणि आधी आम्हा सगळ्यांना व्हिडिओ कॉलवर बसवून चक्क प्रेझेंटेशन दिलं. "स्कीइंगला कौशल्य लागतं, स्नोशूइंगला फक्त पाय लागतात! बुटांखाली रुंद, दातेरी तळ बांधायचे आणि चालत सुटायचं. पाच ते पंच्याहत्तर, एनीवन कॅन डू इट, मेट!" हे इथलं 'मेट', म्हणजे 'दोस्ता', तो फक्त आपल्या लोकांना म्हणतो. ऑफिसात गोऱ्यांसमोर त्याची दातखीळ बसते.

पंच्याहत्तर हा शब्द त्याच्या आईने, चित्रलेखाकाकूंनी, नेमका धरला. ट्रिपनंतरच्या बुधवारी त्या पुण्याला परत जाणार होत्या. मला म्हणाल्या, "चारुता, बर्फ नुसता बघायचा नाहीये गं मला, त्यावर चालायचंय. व्हिसा आणि गुडघे, दोन्हींचा आता काय भरवसा?" रोज सकाळी बाई पंजाबी ड्रेसवर मुलाचं जॅकेट चढवून पार्कला फेऱ्या मारायच्या. चिरंजीव तेव्हा पांघरुणात घोरत असायचे.

जिंडाबाइन गावाच्या पुढे बर्फाच्या डोंगरावर पोचलो. सगळ्यांनी दुकानातून स्नोशूज भाड्याने घेतले. काकूंसाठी मात्र साहेबांनी डिकीतून घडीची खुर्ची काढली. "आई, तू बेस कॅम्प सांभाळ. डबे, बॅगा, थर्मास. यू आर अवर कॅप्टन!" ग्रुपने टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला मान द्यायचा म्हणजे खुर्ची द्यायची, आणि एकदा खुर्ची दिली की त्याने तिथून हलायचं नाही!

"अरे, काकूंना चालायचंय," मी म्हटलं.

"रिस्क नको गं. पडली तर? बुधवारी फ्लाइट आहे."

"मग त्या पंच्याहत्तरचं काय झालं?"

"ते जनरल होतं."

जनरल म्हणे! माझं डोकंच फिरलं. मी काकूंचा हात धरला, तर त्याच म्हणाल्या, "जा गं तू. चारचौघांत त्याला कशाला खाली बघायला लावायचं?"

आम्ही निघालो. चालणं खरंच सोपं होतं, म्हणूनच मला जास्त चीड येत होती. पहिल्या चढावर प्रतापला धाप लागली. काकूंपेक्षा थोरली एक गोरी आजी दोन काठ्या टेकत शांतपणे त्याच्या पुढे गेली आणि जाताना म्हणाली, "नो वरीज, लव्ह, टेक युअर टाइम." तो सेल्फी काढायचं निमित्त करून थांबला आणि भूक लागली म्हणत सगळ्यांना मागे घेऊन आला.

वडे खाऊन झाल्यावर त्याला आई आठवली. गुडघ्यावर बसून त्याने आपले स्नोशूज तिच्या पायांना बांधले, हातात काठ्या दिल्या. काकूंचा चेहरा असा काही उजळला! त्यांनी पाय उचलला, एक पाऊल टाकलं. खालचा बर्फ करकरला आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

"आई, हलू नकोस ना! फोटो ब्लर येतोय."

त्या थांबल्या. त्याने समोरून काढला, बाजूने काढला. मग दुकान बंद होईल म्हणत खाली वाकून पट्टे सोडले.

परतीच्या वाटेवर आमच्या आणि त्याच्या घरच्या, दोन्ही ग्रुपवर फोटो झळकत होता: 'एज इज जस्ट अ नंबर. माझी आई, स्नोशूइंग क्वीन!' खाली बदामांचा नुसता पाऊस. इतक्यात पुण्याहून काकूंच्या बहिणीचा फोन आला. मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसून काकूंनी तो स्पीकरवर घेतला.

"अगं, फोटो बघितला! कसं वाटलं बर्फावर चालताना?"

काकूंनी गाडी चालवणाऱ्या लेकाच्या पाठीकडे पाहिलं. "फार छान वाटलं," त्या म्हणाल्या. "खूप फिरवलं हो प्रतापने."

आणि तो निर्लज्ज आरशातून माझ्याकडे बघून म्हणतो, "बघ! उगाच भांडत होतीस."